आधी जुना दाखवा

दिगंबर मोघे हा माणूस मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे आणि आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळींत ती जरा जास्तच कडक पाळतात. मोघेंच्या शोकसभेत एकाने त्यांना ‘जुन्या गाड्यांचे ऋषी’ म्हटलं. दुसऱ्याने फणसाची उपमा दिली, वरून काटे आणि आत गरे. मी शेवटच्या रांगेत बसून छताच्या पंख्याकडे पाहत होते. त्या फणसाच्या शेजारी मी उभं आयुष्य काढलं आहे. गरे काही माझ्या वाट्याला आले नाहीत.

नेपियर टाऊनमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, आणि आत शेवटी आमचं. म्हणजे मला भाजी आणायची असो की सराफ्यात बांगड्या उजळायला टाकायच्या असोत, त्यांच्या फाटकावरून गेल्यावाचून गत्यंतर नाही. आणि फाटकात ते उभे. बुटके, रुंद, अर्ध्या बाह्यांचा खाकी सदरा, हातात स्टीलचा चहाचा पेला. इथल्या सरकारी फॅक्टरीच्या स्टोअरमधून निवृत्त होऊन किती तरी वर्षं झाली होती, पण अंगातलं स्टोअर काही निवृत्त झालं नव्हतं. समोरून जाणारं प्रत्येक माणूस आपल्याकडे काहीतरी मागायला आलं आहे आणि आपण ते द्यायचं नाही, असा त्यांच्या चेहऱ्यावर कायमचा भाव असे.

आमच्या वैराचं मूळ म्हणजे दोन गाड्या. एका लहानशा संस्थानाच्या राजाने फार पूर्वी एकसारख्या दोन जर्मन गाड्या मागवल्या होत्या, एक स्वतःसाठी आणि एक राणीसाठी. संस्थान गेलं, राजा गेला, आणि वारसांनी एक दिवस गाड्या विकायला काढल्या. राणीची गाडी माझ्या बाबांनी, म्हणजे डॉक्टर आठल्ये यांनी घेतली. मागच्या काचांवर पडद्यासाठी लावलेली पितळी दांडी अजून तशीच आहे. राजाची गाडी मोघेंनी घेतली. घेतली म्हणजे काय, उचलून आणली. इंजिन एकीकडे, दारं दुसरीकडे आणि मागच्या सीटवर कोंबड्या, अशी तिची अवस्था होती. फॅक्टरीतून आलं की हा माणूस अंगणात तिच्याखाली शिरायचा तो जेवायला हाक मारली की बाहेर यायचा. वर्षानुवर्षं खपून त्यांनी ती उभी केली, धावती केली, आरशासारखी लखलखीत केली. एवढं श्रेय मी देते. याहून जास्त माझ्याकडे मागू नका.

आता अशी गाडी ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने ठेवली नाही त्याला सांगावं लागतं. कंपनीने ते मॉडेल बनवणं कधीच सोडून दिलेलं. मुंबई-दिल्लीच्या दुकानदारांना पुर्ज्याचं नाव सांगितलं की ते फोन ठेवून देतात. इंटरनेटवर परदेशातली दुकानं आहेत. ती गाडीचा नंबर विचारतात, फोटो मागवतात, गोड गोड लिहितात, आणि शेवटी जे पाठवतात त्याची भोकं आपल्या भोकांशी जुळत नाहीत. त्यामुळे अशा गाड्यांचे मालक एकमेकांच्या गाडीकडे गाडी म्हणून पाहतच नाहीत. दुसऱ्याची गाडी म्हणजे आपल्या गाडीसाठी राखून ठेवलेलं कोठार. ती कधी एकदा बंद पडते, याची वाट पाहायची. जबलपुरात तशा गाड्या दोनच. मोघेंची नजर आमच्या गाडीवर आणि, खोटं कशाला बोलू, माझी त्यांच्या गाडीवर.

रविवारी सकाळी मी गाडी बाहेर काढायची. फाटकाशी आले की पेला वर करून ते विचारायचे,

‘‘काय सुनंदाबाई, राणीसाहेब श्वास घेऊन राहिल्या का अजून?’’

‘‘अगदी ठणठणीत,’’ मी म्हणायची.

मग ते डोळे मिटून इंजिन ऐकत. चांगलं निवांत ऐकत. पुढे गेले तर पळाली म्हणतील, म्हणून मीही मूर्खासारखी थांबून राहायची. शेवटी डोळे उघडून एकच वाक्य.

‘‘आवाज चांगला नाही.’’

पावसात, थंडीत, नुकतीच दुरुस्त करून आणलेली असताना, कधीही. आवाज चांगला नाही. हा माणूस एका रविवारी तरी ‘चांगला आहे’ म्हणेल म्हणून मी थांबत होते की काय, कोण जाणे.

त्यांच्या खिशात एक लोहचुंबक असे. कुणाचीही जुनी गाडी दिसली की ते पत्र्याला लावून पाहायचे. खरा पत्रा असेल तर चिकटणार, आत पुट्टी भरून वरून रंग दिला असेल तर घसरून पडणार. हे घरात बसून केलं असतं तर ठीक. पण एका लग्नात, वऱ्हाडी मंडळी उभी असताना, एका नामांकित वकिलांच्या फुलांनी सजवलेल्या गाडीला त्यांनी चुंबक लावला. तो टपकन खाली पडला. मोघेंनी तो उचलला, धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘‘वकीलसाहब, ये गाड़ी नहीं है, पुट्टी है. सँभाल के बिठाइए दूल्हे को.’’ वकीलसाहेब त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. मोघेंना त्याचं काहीच वाटलं नाही. चुंबक खोटं बोलत नाही, एवढंच म्हणाले.

आणि त्यांची भिंत. मोघेंकडे पुर्जे होते, हे सगळ्यांना माहीत होतं. कुठल्या कुठल्या भंगारातून, लिलावातून, मोडीत निघालेल्या गॅरेजांतून त्यांनी ते जमवले होते, आणि एकट्या आपल्या गाडीचेच नव्हेत. नागपूरहून, रायपूरहून, मंडल्याहून जुन्या गाड्या बाळगणारे शौकीन लोक त्यांच्याकडे यायचे. मोघे त्यांना अंगणात उभं ठेवत. ‘‘नवा मिळेल. आधी जुना दाखवा.’’ हा स्टोअरचा कायदा. तुटलेलं हत्यार जमा केल्याशिवाय नवं मिळायचं नाही, ही फॅक्टरीची पद्धत त्यांनी घरी चालवली होती. समोरच्याने बिचाऱ्याने जुना पुर्जा काढून दिला की ते तो उन्हात धरून उलटसुलट करून पाहायचे आणि निकाल द्यायचे. ‘‘हे गाडीनं नाही तोडलं. तुम्ही तोडलं.’’ कुणी तेल वेळेवर बदललं नव्हतं, कुणी चढावर गाडी दामटली होती, कुणी ड्रायव्हरच्या भरवशावर ठेवली होती. सगळं त्या लोखंडाच्या तुकड्यावरून वाचायचे आणि मालकाला तोंडावर ऐकवायचे. मग नवा पुर्जा हातात ठेवायचे आणि जुना आपल्या व्हरांड्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचे. खिळ्याच्या वर भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटने मालकाचं नाव. सरळ, उभी, ठसठशीत अक्षरं, फॅक्टरीतल्या खोक्यांवर असतात तशी. गल्लीत त्या भिंतीला फाशीची भिंत म्हणत. येणाराजाणारा फाटकातूनच पाहायचा, आज कोण लटकलं.

मला त्या भिंतीची भीती वाटायची. माझी मला नव्हे, बाबांची. या शहरात मी आजही ‘डॉक्टरसाहेबांची मुलगी’ आहे. बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झाले, केस पांढरे झाले, तरी मेकॅनिक बॉनेट उघडून पहिलं विचारतो, ‘‘डॉक्टरसाहब की गाड़ी है न? भैया नहीं आए?’’ गाडीही डॉक्टरसाहेबांचीच. मीसुद्धा तेच म्हणते. मला गाडी शिकवली बाबांनी. कॅन्टोन्मेंटच्या रुंद रस्त्यांवर, पाठीशी उशी देऊन, आत्या-मावश्या नाकं मुरडत असताना. दादाला शिकवून पाहिली होती, त्याला गोडी नव्हती. तर अशा माणसाचं नाव मोघेंच्या भिंतीवर, कुणा ठेकेदाराच्या गंजक्या गिअरशेजारी लटकावं, ही कल्पनाही मला सहन होत नव्हती. म्हणून मी ठरवलं होतं की मोघेंच्या दारात पुर्ज्यासाठी जायचं नाही. गाडी धावती ठेवायची, आणि यांच्या मदतीशिवाय ठेवायची.

बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मोघे समाचाराला आले. बैठकीत सतरंजीवर आम्ही बसलेले, दादा पुण्याहून आला होता, आई आतल्या खोलीत. मोघेंनी चहा घेतला. पेला खाली ठेवला. ‘चांगला माणूस गेला’ नाही, ‘काही लागलं तर सांगा’ नाही. घरातला कर्ता पुरुष म्हणून दादा समोरच बसला होता. त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहत त्यांनी विचारलं,

‘‘सुनंदाबाई, गाडीचं काय ठरवलं?’’

मला वाटलं, माझ्या कानशिलात कुणी मारली. दादाचा चेहरा लाल झाला. मी म्हटलं, ‘‘मोघेजी, अजून दहावा व्हायचा आहे.’’

‘‘हो नं. म्हणूनच विचारून राहिलो. तेरावं झालं की लोक येतील. नातेवाईक कुठे ना कुठे नेऊन टाकतील, मग मला समजणार पण नाही.’’

‘‘गाडी कुठेही जाणार नाही.’’

‘‘अच्छा,’’ असं म्हणून ते उठले. जाताना पोर्चमध्ये थांबले, खिशातून चुंबक काढला आणि गाडीच्या चारही दारांना लावून पाहिला. चुंबक चिकटला. मी खिडकीतून पाहत होते. माझ्या आयुष्यात मी कुणाला शिव्या दिल्या नाहीत, त्या दिवशी मनातल्या मनात सगळ्या देऊन झाल्या.

त्यानंतरची सिहोऱ्याची गोष्ट. ती आठवली की आजही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. सिहोऱ्यात एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात, पोत्यांच्या मागे, त्याच मॉडेलची तिसरी गाडी सापडली. त्याच संस्थानच्या दिवाणाची असावी. मला बातमी बँकेतल्या जुन्या शिपायाने सांगितली. मी गुपचूप सकाळची बस धरली, कुणाला कळू नये म्हणून गल्लीतून रिक्षा घेतली नाही, चालत गेले. सिहोऱ्याला पोचते तो गोदामासमोर खाटेवर मोघे चहा पीत बसलेले.

‘‘या, या,’’ म्हणाले. ‘‘बस लेट होती वाटतं.’’

गाडी बाहेरून पार सडलेली होती. पण बॉनेट उघडलं आणि आम्ही दोघंही आत वाकलो. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या, बाकी आतलं सगळं जसंच्या तसं. पाण्याचा पंप, तेलाचा पंप, दिव्यांची भांडी, सगळं. व्यापारी भला माणूस होता. तो म्हणाला, तुम्ही दोघे एकाच गावचे, एकाच समाजाचे, आपसांत वाटून घ्या आणि घेऊन जा. आणि इथे आमची अक्कल चरायला गेली. मोघे म्हणाले, इंजिन मी घेतो, बाकी बाईंना द्या. मी म्हटलं, इंजिनावाचून बाकीचं काय लोणचं घालू? मी म्हटलं, पंप मला पाहिजे. ते म्हणाले, पंप म्हणजे इंजिनच. मग दारं कोणाची, डिकी कोणाची, यावर वाद. खरं सांगायचं तर मला त्यांच्या दारांशी काहीएक कर्तव्य नव्हतं, पण ती त्यांना मिळू नयेत एवढं मात्र मनापासून वाटत होतं. त्यांचंही तसंच असणार. व्यापारी उन्हात उभा राहून कंटाळला. शेवटी म्हणाला, ‘‘आप लोग तय कर लो, फिर आना.’’

आम्ही ठरवलंच नाही. ते माझ्या निरोपाची वाट पाहत होते आणि मी त्यांच्या. पुढच्या महिन्यात मी पुन्हा गेले तर गोदामाची जागा रिकामी. भंगारवाल्याने गॅसने गाडी कापून, तुकडे करून ट्रकने नेली होती. जमिनीवर काळं तेल आणि एक तुटका आरसा तेवढा पडला होता. मी वळले तर मागे मोघे उभे. त्यांनीही त्याच दिवशी यायचं ठरवलं होतं. दोघंही त्या तेलाच्या डागाकडे पाहत राहिलो.

‘‘खुश?’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही?’’

त्यांनी तो आरसा उचलला, सदऱ्याने पुसला आणि पिशवीत टाकला. परतीच्या बसमध्ये ते पुढे बसले आणि मी मागे.

पुढे काही वर्षांनी शहरातल्या शौकिनांनी जुन्या गाड्यांची एक फेरी काढली, सदर बाजारापासून भेडाघाटपर्यंत. फुगे, झेंडे, गळ्यात हार. मोघेंची राजाची गाडी सगळ्यात पुढे आणि माझी राणीची मागून तिसरी की चौथी. तेवर गावाच्या अलीकडे, जिथे रस्त्याच्या कडेला मूर्ती घडवणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत, तिथे माझ्या बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. पाण्याचा पंप गेला होता. हा पंप इंजिनातलं पाणी फिरवत ठेवतो. तो नसेल तर इंजिन तापून काही मिनिटांत खलास. बाकीची रांग निघून गेली. लोक हात हलवत होते, फोटो काढत होते. पुढे गेलेली एकच गाडी वळून परत आली. मोघे.

ते उतरले, वाकून पाहिलं, पंपाखालचं पाणी बोटावर घेऊन नाकाशी नेलं. ‘‘नळाचं पाणी घालून राहिल्या. गंजाची दवा घातली नाही पाण्यात. आतून खाऊन टाकलं असेल.’’

मग त्यांनी आपल्या गाडीची डिकी उघडली. जुन्या मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि उलगडलं. पंप. कोरा, करडा, मेणकागदाचा वास अजून जात नव्हता. असा पंप या देशात दुसरा असेल असं मला वाटत नाही. ज्याच्यासाठी मी परदेशी दुकानांना पत्रं लिहून लिहून थकले होते, तो त्यांच्या डिकीत सतरंजीखाली पडून होता.

‘‘आत्ता बसवून देतो, इथेच,’’ ते म्हणाले. ‘‘आधी जुना काढून द्या.’’

‘‘जुना कशाला?’’

‘‘कायदा आहे.’’

‘‘भिंतीवर टांगणार?’’

‘‘मग काय देवघरात ठेवू?’’

मी तिथे उभी होते. ऊन डोक्यावर आलं होतं. समोर पंप, ज्याच्यासाठी मी काहीही दिलं असतं. आणि डोळ्यांसमोर पांढऱ्या रंगातली अक्षरं, डॉ. आठल्ये, आणि त्याखाली माझा गंजलेला पंप, आणि येणाराजाणारा फाटकातून वाचतो आहे. बाबांनी ती गाडी पोटच्या मुलीसारखी जपली होती. त्यात नळाचं पाणी मी घातलं, त्यांनी नव्हे.

‘‘नको,’’ मी म्हटलं.

‘‘पाहा, सुनंदाबाई. काहून उगीच हट्ट करता?’’

‘‘नको म्हटलं नं.’’

त्यांनी पंप पुन्हा मच्छरदाणीत गुंडाळला. अगदी सावकाश, कडा नीट दुमडून, मला नीट दिसेल अशा बेताने. डिकी बंद केली. जाताना मागच्या सीटवरून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. ‘‘गाडीत घालू नका. तुम्ही प्या.’’ आणि भेडाघाटला निघून गेले. तिथे त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, हेही सांगते.

माझ्या गाडीला नंतर एका मेकॅनिकने जीपचा पंप पट्ट्या ठोकून बसवला. आमच्या गावात लेथवाल्यांना तोटा नाही. कुणीही नवा पंप घडवून दिला असता, पण त्यांना हातात चांगला नमुना लागतो, आणि माझा पंप आतून इतका खाल्ला गेला होता की मोजायला काही उरलंच नव्हतं. चांगला नमुना होता तो मोघेंच्या डिकीत. तेव्हा जीपचा पंप. तो गळायचा. बाजारापर्यंत जाऊन परत यायची, तेवढाच तिचा दम. रविवारी फाटकाशी आले की मोघे डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘‘राणीला जीपचं काळीज बसवलं. वा.’’ मी थांबायचं सोडून दिलं. काच वर करून सरळ निघून जायची. माझा जुना पंप मात्र मी फेकला नव्हता. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, फुटक्या पातेल्यात ठेवला होता. आई विचारायची, हे कशाला ग? मी म्हणायची, असू दे.

मोघेंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी भेटायला गेले नाही. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, रस्त्यात भेटल्या तेव्हा चौकशी केली, तेवढंच. हळूहळू ते फाटकात खुर्ची टाकून बसायला लागले. उजवा हात निकामी, बोलणं जड. राजाची गाडी अंगणात कापडाखाली. मुलगा बेंगलुरूहून आला की तिला सुरू करून ठेवायचा, एरवी ती नुसती उभी.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असं. जीपच्या पंपाची पट्टी तुटली आणि गाडी पोर्चमध्येच बंद पडली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ऑटो आणला, आमच्या गाडीला दोर बांधला आणि ऑटो ओढायला लागला. एवढी मोठी काळी जर्मन गाडी, राणीची, आणि पुढे फटफट करणारा ऑटो. मी स्टिअरिंगवर बसलेली, मान खाली. फाटकाशी आल्यावर राहवलं नाही, मी वर पाहिलं. मोघेंनी डावा हात उचलला. हलवत होते, जोरजोरात. मला वाटलं, निरोप देतायत. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा माझ्या मनात त्यांच्याबद्दल जरासं काही हललं. मग लक्षात आलं, ते दोराकडे बोट करत होते. दोर चुकीच्या जागी बांधला होता, बंपरला, त्याने बंपर वाकला असता. तोंड वाकडं करून ते ओरडले, ‘‘नीचे से! नीचे से बाँध!’’ मेकॅनिकने थांबून दोर खालून बांधला. मोघेंनी मग हात खाली घेतला आणि डोळे मिटले. इंजिन तर बंद होतं. काय ऐकत होते, देव जाणे.

ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मी समाचाराला गेले. आमच्याकडे सुतकाच्या घरी स्वयंपाक होत नाही म्हणून शेजारीपाजारी डबे नेतात. मी पिठलं-भाताचा डबा कापडी पिशवीत घातला. आणि डब्याच्या खाली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, माळ्यावरचा पंप. समाचाराला जाताना पिशवीत गंजका पंप घेऊन जाणारी बाई म्हणजे काय चीज असेल, ते तुम्हीच ठरवा. मी गाडीसाठी गेले होते. गाडी मागायची, नाही मिळाली तर पंप मागायचा. दुःख वगैरे काही नव्हतं. किंवा असेल, मी पाहिलं नाही.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मुलगा स्मशानातली उरलेली कामं करायला बाहेर गेलेला. मी बसले. त्यांनी चहा दिला. मी घेतला, पेला खाली ठेवला, आणि तोंडातून निघून गेलं,

‘‘काकू, गाडीचं काय ठरवलंत?’’

बोलले आणि जीभ चावली. पण काकूंना नवल वाटलेलं दिसलं नाही.

‘‘ते म्हणालेच होते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘काय?’’

‘‘म्हणाले, तिसऱ्या दिवशी सुनंदाबाई येईल, चहा घेईल, अन् गाडीचं विचारेल. नाही म्हणून सांग.’’

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मेल्यावरही या माणसाने माझ्या आधी फाटकात येऊन उभं राहावं!

‘‘गाडी मुलगा घेऊन जाणार आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पण पंप ठेवून राहिले होते तुझ्यासाठी. जुना आणला असशील तर द्यायचा. नसेल आणला तर नाही. असंही सांगून गेले.’’ त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. ‘‘डबा इकडे दे. खाली जे आहे ते पण काढ.’’

त्या उठून आतून मच्छरदाणीच्या कापडातली गाठ घेऊन आल्या आणि मला व्हरांड्यात घेऊन गेल्या. इतकी वर्षं मी ती भिंत रस्त्यावरून, काचेआडून पाहिली होती. जवळून कधीच नाही. गिअर, साखळ्या, तुटके पाइप, प्रत्येकावर नाव. दाराच्या बाजूला एक खिळा मात्र रिकामा होता. खिळ्याच्या वर नाव होतं, रंग जुना, पिवळा पडलेला. मी वाचण्याआधी मन घट्ट केलं. डॉ. आठल्ये. झालं. बाबा, माफ करा.

तिथे लिहिलं होतं, सुनंदाबाई आठल्ये.

मी दोनदा वाचलं. अक्षर त्यांचंच, उभं, सरळ, ठसठशीत.

‘‘भेडाघाटहून आले नं, त्या दिवशी लिहिलं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘बक्षीस टेबलावर टाकलं अन् आधी रंग काढला. जेवण थंड झालं. मी म्हटलं, काहो, डॉक्टरसाहेबांचं नाव नको का? गाडी त्यांची आहे. तर माझ्यावरच खेकसले. म्हणाले, डॉक्टर गेले. चालवून कोण राहिलं?’’

माझा जुना पंप मी काकूंच्या पुढे केला. त्यांनी हात लावला नाही. ‘‘तूच टांग,’’ म्हणाल्या.

मी टांगला. खिळा पक्का होता, हलला नाही. मग काकूंनी मच्छरदाणीतला नवा पंप माझ्या हातात ठेवला. आता त्या भिंतीवर, मंडल्याच्या ठेकेदाराच्या आणि रायपूरच्या कुणा साहेबाच्या मधे, येणाराजाणारा वाचेल असं माझं नाव आहे. रविवारी गाडी घेऊन तिथून गेले की ते दिसतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मुलगा म्हणाला होता, ताई, घर रंगवायला काढतो आहे, तुमचं नाव खोडून टाकू का. मी त्याला सांगितलं, हात लावून तर बघ.